सोलापुरी चादरीवरची नक्षी आणि कॉम्प्युटरचं 'जर-तर': जोसेफ जॅकार्डची गोष्ट

सोलापूर म्हटलं की चादर आठवतेच. महाराष्ट्रात क्वचितच एखादं घर असेल, जिथं सोलापुरी चादर नाही. तिच्यावर मोरपीस असतं, फुलं असतात, वेलबुट्टी असते. ही नक्षी छापलेली नसते, ती विणतानाच कापडात उतरते. म्हणूनच चादर उलटी केली तर तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन मागच्या बाजूलाही दिसते.

ही नक्षी विणणाऱ्या यंत्राचं नाव सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीत लहान मुलालाही माहीत असतं. मागाच्या वर बसवलेलं ते यंत्र म्हणजे जॅकार्ड. पण जॅकार्ड हे आधी एका माणसाचं नाव होतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

हा माणूस फ्रान्समधल्या लिऑन शहरातला. त्याला लहानपणी शाळा मिळाली नाही, वडिलांची मिळकत त्यानं घालवली, मुलगा युद्धात गमावला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर असं एक यंत्र उभं केलं, ज्याची आठवण कॉम्प्युटरच्या इतिहासात पहिल्या काही पानांवरच येते.

आज प्रोग्रामिंग करणाऱ्यांपुढे एक प्रश्न नेहमी येतो. मशिनला प्रत्येक पायरीवर 'जर असं असेल तर तसं कर' असं सांगायचं, की सगळ्या शक्यतांचे साचे आधीच मांडून ठेवायचे आणि समोर आलेली गोष्ट कोणत्या साच्यात बसते ते बघायचं? पहिल्याला कंडिशनल म्हणतात, दुसऱ्याला पॅटर्न मॅचिंग. हा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर जॅकार्डच्या आयुष्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

विणकराच्या घरातला मुलगा

जोसेफ मारीचा जन्म ७ जुलै १७५२ रोजी लिऑनमध्ये झाला. घराण्याचं खरं आडनाव चार्ल्स. पण त्या भागात चार्ल्स आडनावाची माणसं इतकी होती, की वेगवेगळ्या शाखांना टोपणनावं पडली होती. या शाखेचं टोपणनाव जॅकार्ड. फ्रेंच उच्चार 'झाकार'च्या जवळ जातो, पण आपल्याकडे जॅकार्डच रुळलं.

लिऑन तेव्हा युरोपातल्या रेशमाची राजधानी होतं. राजवाड्यांचे पडदे, सरदारांचे कोट, चर्चमधली वस्त्रं तिथं विणली जात. जोसेफचे वडील कसबी विणकर होते, घरात स्वतःचे माग होते. एकूण नऊ भावंडं झाली, पण मोठी होईपर्यंत जगली ती दोनच: जोसेफ आणि त्याची बहीण क्लेमांस.

जोसेफ दहा वर्षांचा असताना आई गेली. त्याला शाळेत घातलं गेलं नव्हतं. पुढे बहिणीचं लग्न झालं, तिचा नवरा छपाई आणि पुस्तकविक्रीच्या धंद्यात होता. या मेहुण्यानं जोसेफला लिहायला-वाचायला शिकवलं. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.

मागाला लागायचं एक पोर

जॅकार्डनं नेमकं काय सोडवलं, हे कळायला आधी विणकाम थोडं समजून घ्यावं लागतं.

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यातून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. साध्या कापडात एक सोडून एक ताण्याचा धागा वर उचलायचा, मधल्या फटीतून धोटा फेकायचा, मग उरलेले धागे उचलायचे आणि धोटा परत फेकायचा. दोनच चाली, त्याच त्या.

नक्षीत ही सोय राहत नाही. मोराची मान विणताना एका ओळीत काही ठराविक धागे वर हवेत, पुढच्या ओळीत वेगळे, त्याच्या पुढच्या ओळीत आणखी वेगळे. प्रत्येक ओळीला शेकडो धाग्यांपैकी कोणता वर आणि कोणता खाली, हे ठरवावं लागतं.

जुन्या मागांवर हे काम दोऱ्यांनी व्हायचं. धाग्यांना दोऱ्या बांधलेल्या असत आणि विणकराच्या जोडीला एक मदतनीस बसत असे. प्रत्येक ओळीला तो ठरलेल्या दोऱ्यांचा जुडगा ओढून धरायचा, विणकर धोटा फेकायचा, मग पुढचा जुडगा. बनारसच्या जुन्या 'जाला' पद्धतीतही असंच चालायचं.

लिऑनमध्ये हे काम बहुतेकदा लहान मुलं आणि बायका करत. ओझं जड, दिवस लांब आणि चूक झाली तर कापडात कायमची खोट. दोघं मिळूनही दिवसभरात गुंतागुंतीच्या नक्षीचं कापड जेमतेम काही इंच पुढे सरकायचं. जोसेफ ज्या घरात वाढला, तिथं हे रोजचंच होतं.

गेलेली मिळकत, गेलेला मुलगा

१७७२ मध्ये वडील वारले. विशीतल्या जोसेफच्या हाती घर, माग, थोडी द्राक्षबाग आणि दगडाची खाण असं बरंच काही आलं. ते टिकलं मात्र नाही. धंद्यात हात घालायचा, नवं काहीतरी करायला जायचं आणि तोट्यात यायचं, असं सुरू झालं.

१७७८ मध्ये त्यानं क्लोदीन बुआशों या विधवेशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. पण कर्ज वाढतच गेलं, प्रकरण कोर्टात गेलं, मालमत्ता विकावी लागली.

मग फ्रेंच राज्यक्रांती आली. १७९३ मध्ये लिऑननं पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड केलं आणि सरकारी फौजांनी शहराला वेढा घातला. जोसेफ आणि त्याचा किशोरवयीन मुलगा शहराच्या बाजूनं लढले. शहर पडल्यावर दोघं पळाले आणि खोटी नावं घेऊन क्रांतीच्याच सैन्यात भरती झाले. त्या काळात जीव वाचवायचा तो एक मार्ग होता. बाप वाचला. मुलगा लढाईत मारला गेला.

१७९८ च्या सुमाराला जोसेफ लिऑनला परतला तेव्हा त्याचं वय शेहेचाळीस होतं. घरदार गेलेलं, एकुलता एक मुलगा गेलेला, शहर उद्ध्वस्त झालेलं. रेशमाचा धंदाही बसला होता. तिथून त्याचं खरं काम सुरू झालं.

पॅरिसच्या संग्रहात पडून असलेला माग

१८०० मध्ये त्यानं दोऱ्या ओढणाऱ्या मदतनिसाशिवाय चालणाऱ्या मागाचं पेटंट घेतलं. १८०१ मध्ये पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळालं. हे यंत्र अजून अर्धवट होतं, पण सरकारचं लक्ष गेलं. मासेमारीचं जाळं विणणारं एक यंत्रही त्यानं बनवलं आणि त्यानंतर त्याला पॅरिसला बोलावून घेण्यात आलं.

पॅरिसमध्ये जुन्या-नव्या यंत्रांचं एक मोठं संग्रहालय होतं. तिथं त्याला १७४५ च्या सुमाराचा एक माग सापडला. तो बनवला होता जॅक व्होकांसाँनं. हा व्होकांसाँ आपोआप हलणाऱ्या यांत्रिक बदकासाठी युरोपभर प्रसिद्ध होता. त्याचा माग मात्र कुणी वापरला नव्हता.

त्याच्याही आधी लिऑनच्याच दोघांनी याच वाटेवर पावलं टाकली होती. बाझिल बुशोंनं १७२५ मध्ये भोकं पाडलेल्या कागदाच्या पट्टीनं धागे निवडायची युक्ती काढली. नंतर फाल्कोंनं लांब पट्टीऐवजी एकमेकांना शिवलेली जाड कार्डं वापरली. एक कार्ड फाटलं तर तेवढंच बदलायचं. पण या दोघांच्या मागांना सोबत मदतनीस लागायचाच. व्होकांसाँनं यंत्र मागाच्या वर चढवलं आणि आपोआप चालवलं, पण त्यात नक्षीची लांबी फार मर्यादित होती.

जॅकार्डनं हे तुकडे एकत्र केले. फाल्कोंची कार्डांची साखळी घेतली, व्होकांसाँची वर बसवायची कल्पना घेतली आणि १८०४ मध्ये एक विणकर एकट्यानं पायानं चालवू शकेल असं यंत्र उभं केलं. त्यातही दोष होते. पुढच्या दशकात ब्रतों नावाच्या कारागिरानं सुधारणा केल्यावर ते खऱ्या अर्थानं भरवशाचं झालं. नाव मात्र जॅकार्डचंच राहिलं.

भोक आहे की नाही?

यंत्राची युक्ती ऐकायला साधी आहे. ताण्याचे धागे आकड्यांना अडकवलेले असतात. प्रत्येक आकड्याला एक आडवी सुई जोडलेली असते. नक्षीच्या एका ओळीसाठी एक कार्ड. ते कार्ड सगळ्या सुयांवर एकदम दाबलं जातं.

जिथं भोक असेल तिथं सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवरच राहतो आणि वर जाणारी पट्टी त्याला उचलते. जिथं भोक नसेल तिथं कार्ड सुईला मागे ढकलतं, आकडा पट्टीपासून सरकतो आणि धागा खालीच राहतो. धोटा जातो, साखळी एक घर पुढे सरकते, पुढचं कार्ड येतं.

४०० आकड्यांचं यंत्र असेल, तर ४०० निर्णय एका दाबात. ४०० जागांवर भोक असणं-नसणं याच्या एकूण शक्यतांची संख्या मांडायला गेलं तर ती १२१ अंकी होते. त्यातली हवी ती नेमकी मांडणी कार्ड एका फटक्यात सांगतं.

इथं बदललं काय? आधी प्रत्येक ओळीचा निर्णय काम चालू असताना माणसाच्या हातानं व्हायचा. आता तो निर्णय विणकाम सुरू व्हायच्या आधीच होऊ लागला. नक्षी चौकटीच्या कागदावर काढायची, चौकट बघून भोकं पाडायची, कार्डं ओळीनं शिवायची. म्हणजे विचार सगळा आधी. एखादं भोक चुकलं असेल तर कार्ड नक्षीशेजारी धरून ते विणण्याआधीच सापडतं.

हे तंतोतंत पॅटर्न मॅचिंग नव्हे. आजच्या प्रोग्राममध्ये आलेली माहिती अनेक साच्यांशी ताडून बघितली जाते. मागावर कार्डं ठरलेल्या क्रमानं येतात. पण मुळातला विचार एकच: काम चालू असताना एकेक प्रश्न विचारत बसण्यापेक्षा पूर्ण आकार आधी मांडून ठेवणं.

सम्राटाची पेन्शन आणि विणकरांचा राग

एप्रिल १८०५ मध्ये नेपोलियन आणि सम्राज्ञी जोसेफीन लिऑनला आले. त्यांनी नवा माग पाहिला. काही दिवसांतच यंत्राचे हक्क लिऑन शहराकडे गेले. बदल्यात जॅकार्डला वर्षाला ३,००० फ्रँक पेन्शन आणि ठराविक वर्षांत विकत घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक मागामागे ५० फ्रँक मिळायचं ठरलं. एका कर्जबाजारी माणसासाठी हे फार मोठं होतं.

पण ज्या घरात तो वाढला होता, तशाच शेकडो घरांचं पोट त्या दोऱ्या ओढण्यावर चाललेलं होतं. जिथं दोघं लागत होते, तिथं आता एक पुरे झाला. विणकर चिडले. त्याच्यावर हल्ले झाले, त्याचा माग भर चौकात मोडून टाकला, असं लिऑनमध्ये पुढे पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं.

तरीही यंत्र पसरलं. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे सुमारे ११,००० माग असल्याचं सांगितलं जातं. लहान मुलांची एका जीवघेण्या कामातून सुटका झाली, हे खरं. त्याच वेळी त्या घरांचं उत्पन्न गेलं, हेही खरं. आणि दोऱ्या ओढणारे गेले तसे कार्डांना भोकं पाडणारे कुशल कारागीर नव्यानं उभे राहिले.

१८३१ आणि १८३४ मध्ये लिऑनच्या विणकरांनी मोठे उठाव केले. ते मात्र यंत्राविरुद्ध नव्हते. विणकामाचा दर व्यापाऱ्यांनी पाडू नये, यासाठी होते. दुसऱ्या उठावानंतर काही महिन्यांनी, ७ ऑगस्ट १८३४ रोजी, लिऑनजवळच्या उलाँ गावात जॅकार्ड वारला. तेव्हा तो ८२ वर्षांचा होता.

मागाला प्रश्न विचारता येत नव्हता

जॅकार्डच्या यंत्राची एक मोठी मर्यादा होती. कार्डांची साखळी एकदा लावली की ती आपल्या क्रमानं जात राहणार. मध्ये काय झालं ते बघून मार्ग बदलणं तिला जमत नव्हतं.

ही उणीव भरून काढायचा विचार केला इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं. योगायोग असा, की १८३४ मध्येच, ज्या वर्षी जॅकार्ड गेला, बॅबेज आपल्या ॲनॅलिटिकल इंजिनाच्या कल्पनेकडे वळला. थोड्याच काळात त्यानं या गणिती यंत्राला आज्ञा देण्यासाठी जॅकार्डचीच भोकांची कार्डं घ्यायचं ठरवलं. पण त्यानं एक भर घातली. आकडेमोडीचं उत्तर काय आलं ते बघून यंत्रानं कार्डांची साखळी मागे फिरवावी किंवा पुढची काही कार्डं गाळावीत. हेच 'जर-तर'.

बॅबेजकडे जॅकार्डचं एक रेशमी चित्र होतं. १८३९ मध्ये लिऑनमध्ये विणलेलं हे चित्र इतकं बारीक होतं, की बघणाऱ्याला ते छापील वाटायचं. ते जॅकार्डच्याच यंत्रावर विणलं होतं आणि त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं या इंजिनावर लिहिलेल्या टिपणांतही जॅकार्डच्या मागाशी तुलना येते. इंजिन मात्र त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथनं भोकांची कार्डं वापरली आणि विसाव्या शतकातल्या कॉम्प्युटरपर्यंत ही कार्डं चालत आली.

प्रोग्रामरपुढचा पेच

कॉम्प्युटर आल्यावर 'जर-तर' सगळीकडे पसरलं. फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये, म्हणजे प्रोग्राम गणितातल्या फंक्शनसारखा लिहायच्या पद्धतीत, त्याला नेटकं रूप दिलं जॉन मॅकार्थीनं. त्याच्या लिस्प भाषेत, १९६० च्या आसपास, कंडिशनल ही नुसती आज्ञा न राहता उत्तर देणारी रचना झाली.

१९६९ मध्ये ब्रिटनच्या रॉड बर्स्टॉलनं वेगळी दिशा दाखवली. माहितीचा आकार कोणकोणता असू शकतो ते आधी सांगा आणि प्रत्येक आकारासाठी काय करायचं ते वेगवेगळं लिहा. पुढे एडिंबरात तयार झालेल्या एमएल आणि होप या भाषांमधून ही पद्धत रुजली, हॅस्केलनं ती जगभर नेली. आता ती फक्त फंक्शनल भाषांपुरती उरलेली नाही. पायथॉनमध्ये २०२१ साली ३.१० या आवृत्तीत मॅच आलं, जावातही २०२३ च्या २१ व्या आवृत्तीपर्यंत स्विचमध्ये पॅटर्न मॅचिंग पक्कं झालं.

मग निवडायचं काय? समजा सोलापुरातल्या एका चादरीच्या दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम लिहायचा आहे. माल तीन प्रकारचा. चादरीचा दर मापावर ठरतो: सिंगल की डबल. टॉवेलचा दर वजनावर. नॅपकिनचा दर डझनावर.

'जर-तर'नं लिहिलं तर असं होईल: जर चादर असेल तर माप बघ, नाहीतर जर टॉवेल असेल तर वजन बघ, नाहीतर डझन मोज. आज हे बरोबर चालेल. सहा महिन्यांनी दुकानात बाथरोब आले. ते ना चादर, ना टॉवेल. मग ते गुपचूप शेवटच्या 'नाहीतर'मध्ये पडतील आणि त्यांचं बिल नॅपकिनच्या हिशेबानं निघेल. प्रोग्राम थांबणार नाही, इशारा देणार नाही. चूक कळेल ती महिनाअखेर पैसे जुळेनात तेव्हा.

पॅटर्न मॅचिंगमध्ये आधी माल म्हणजे काय ते सांगावं लागतं: माप असलेली चादर, वजन असलेला टॉवेल, डझन असलेला नॅपकिन. मग प्रत्येकासाठी एक ओळ. यादीत बाथरोब घातला आणि त्याची ओळ लिहायची राहिली, तर हॅस्केल किंवा एमएलसारख्या भाषेचा कंपायलर प्रोग्राम चालण्याआधीच सांगू शकतो, की एक प्रकार सुटला आहे. विणण्याआधी कार्ड नक्षीशी ताडून बघावं, तसंच हे.

दुसरा फायदा याहून बारीक आहे. चादरींची थप्पी घ्या. थप्पी दोनच प्रकारची असते: रिकामी, किंवा वर एक चादर आणि खाली उरलेली थप्पी. 'जर-तर'मध्ये आधी विचारावं लागतं, थप्पी रिकामी आहे का? मग वेगळ्या पायरीत वरची चादर उचलायची. पहिला प्रश्न विसरला तर प्रोग्राम रिकाम्या थप्पीतून चादर काढायला जातो आणि कोलमडतो. पॅटर्न मॅचिंगमध्ये प्रश्न आणि उचलणं एकाच पायरीत होतं. वरच्या चादरीला नाव मिळतं ते फक्त त्याच ओळीत, जिथं ती चादर खरोखर आहे. रिकाम्या थप्पीच्या ओळीत ते नावच नसतं, त्यामुळे ते चुकून वापरणंही शक्य नसतं.

मग 'जर-तर' टाकून द्यायचं का?

अजिबात नाही. आता दुकानदार म्हणतो, १०० नगांच्या वर ऑर्डर असेल तर सूट द्या. इथं साचे मांडून काय करणार? १०१ साठी एक, १०२ साठी एक, असं कुठवर? हा आकाराचा प्रश्न नाही, मोजमापाचा आहे. इथं 'जर नग १०० पेक्षा जास्त असतील तर' हेच सरळ आणि वाचायला सोपं.

म्हणून ढोबळ नियम असा सांगता येतो. समोरची गोष्ट कोणत्या जातीची आहे आणि तिच्या पोटात काय आहे, यावर निर्णय असेल तर पॅटर्न मॅचिंग. दोन किमतींची तुलना करायची असेल, एखादी मर्यादा ओलांडली का ते बघायचं असेल, तर कंडिशनल. दोन्ही एकत्र हवं असेल, जसं की डबल चादर आणि तीही १०० पेक्षा जास्त, तर साच्याला अट जोडता येते. हॅस्केलमध्ये अशा अटीला गार्ड म्हणतात.

मुळात या दोन गोष्टी एकमेकांच्या वैरी नाहीतच. हॅस्केलच्या अधिकृत व्याख्येत 'इफ' म्हणजे खरं आणि खोटं या दोन साच्यांवरचं पॅटर्न मॅचिंगच आहे. फक्त दोनच शक्यता असतील तर 'इफ' लिहिणं सुटसुटीत, एवढाच फरक.

पॅटर्न मॅचिंगमध्येही फसायच्या जागा आहेत. साचे वरून खाली तपासले जातात, त्यामुळे सर्वसाधारण साचा वर आणि खास साचा खाली लिहिला तर खालच्याची पाळीच येत नाही. आणि शेवटी 'बाकी काहीही' असा एक साचा टाकला, की बाथरोब पुन्हा त्यातच जाऊन पडतो. कंपायलरलाही मग तक्रार करायला जागा उरत नाही. शक्यता मांडायचा कंटाळा केला तर साच्यांचा उपयोग नाही.

एकाच मागावर दोन्ही

याचं उत्तम उदाहरण खुद्द यंत्रमागावर आहे. सोलापुरात पहिली मोठी कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि गिरण्यांच्या भोंग्यावर हे शहर चालू लागलं. गिरण्या पुढे बंद पडत गेल्या. पण तेलुगू भाषक पद्मशाली विणकर कुटुंबांनी आणि इतर कारखानदारांनी हातमाग आणि मग यंत्रमाग चालवत चादर आणि टॉवेलचा धंदा टिकवला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना जीआय मानांकनही मिळालं आहे.

अशा यंत्रमागावर वर जॅकार्ड असतं. कोणता धागा उचलायचा हे ते साच्यावरून ठरवतं. त्याच वेळी अनेक मागांवर बाण्याच्या वाटेत एक छोटा काटा असतो. आडवा धागा तुटला किंवा संपला, की काट्याला धागा लागत नाही आणि माग थांबतो. धागा आहे का? असेल तर चालू राहा, नसेल तर थांब. हे शुद्ध 'जर-तर' आहे.

मोरपिसाची नक्षी काट्याच्या भरवशावर विणता येत नाही, कारण तिचा पूर्ण आकार आधीच माहीत असतो. धागा कधी तुटेल हे मात्र कोणत्याही कार्डावर आधी लिहून ठेवता येत नाही, ते तेव्हाच बघावं लागतं. जे आधी माहीत आहे ते साच्यात आणि जे वेळेवरच कळणार आहे ते अटीत. चांगला प्रोग्रामरही जवळपास अशीच वाटणी करतो.

आता कार्डंही हळूहळू जात आहेत. १९८३ मध्ये ब्रिटनच्या बोनास कंपनीनं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बाजारात आणलं. त्यात नक्षी कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये असते आणि भोकं पाडायची, कार्डं शिवायची गरजच राहत नाही. दोनशे वर्षांपूर्वी लिऑनमध्ये दोऱ्या ओढणाऱ्यांवर जी वेळ आली, ती आता कार्ड पाडणाऱ्या कारागिरांवर येते आहे. निर्णय कुठे आणि कधी घ्यायचा हा तंत्राचा प्रश्न दिसतो, पण तो बदलला की कुणाचं तरी काम जातं आणि कुणाला तरी नवं काम शिकावं लागतं.

लिऑननं १८४० मध्ये जॅकार्डचा पुतळा उभारला. ज्या शहरात त्याचा माग मोडल्याचं सांगितलं जातं, त्याच शहरानं. यंत्राचे हक्क त्यानं कधीच शहराला देऊन टाकले होते आणि त्याचा वारस मुलगा युद्धात गेला होता. त्याचं नाव पुढे चाललं ते त्या यंत्रामुळेच. सोलापूरच्या बाजारात एखादं गिऱ्हाईक जॅकार्डची चादर मागतं, तेव्हा ते याच माणसाचं नाव घेत असतं.